सोडणे आणि सोडायला लावणे

दिवाळीत आमच्या तुमसरकडे हलक्या धानाची कापणी आटोपलेली असते, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि घरोघर लेकीबाळींची वाट पाहणे चालू असते. आमची आत्याही दरसाल भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तुमसर रोडच्या फलाटावर उतरते. काही वर्षांमागे अशीच ती आली, आणि फराळाच्या ताटाबरोबर तिच्यापुढे एक कागदही आला. आजोबांच्या शेतीतला तिचा हिस्सा तिने भावांच्या नावे सोडावा, अशा अर्थाचे ते हक्कसोडपत्र होते. काकांनी नागपूरहून मसुदा करून आणला होता. वकिलाला इंग्रजीची हौस, म्हणून मसुदा इंग्रजीत.

आत्याने चष्मा पुसून कागद माझ्याकडे दिला. म्हणाली, “वाच बाबू, काय लिवलं आहे ते.”

मी वाचू लागलो आणि एका क्रियापदाशी अडलो. ‘रिनाउन्स’. स्वतःच्या, आपल्या वारसांच्या आणि पुढल्या वंशजांच्या वतीने ती सर्व हक्क ‘रिनाउन्स’ करीत आहे, असे ते वाक्य होते. मी सांगितले, “म्हणजे आत्या, तू सारे सोडतेस.” ती क्षणभर थांबून म्हणाली, “कागद म्हनते मी सोडते. मी तं अजून काही म्हनलं नाही.”

वाचकहो, इतिहासाचा विद्यार्थी असूनही मला जे कधी सुचले नव्हते, ते आत्या एका वाक्यात बोलून गेली. कारण हे वाक्य मी पूर्वी वाचलेले होते. ते आमच्याच मुलखाच्या इतिहासातले होते.

सन १८०३. नोव्हेंबरअखेर अडगावला नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला, डिसेंबरच्या पंधराव्या तारखेला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांच्या बाजूने आर्थर वेलस्ली होता, भोसल्यांच्या बाजूने यशवंतराव रामचंद्र. कटक आणि बालेश्वर गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पण तेवढ्याने भागले नाही. गेलेल्या मुलखावरचे सर्व प्रकारचे दावे दुसरे रघुजी स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने ‘रिनाउन्स’ करीत आहेत, असे एक कलम तहात घातले गेले. मुलूख तलवारीने घेतला होता. वाक्याचा कर्ता मात्र ज्याचा गेला तोच! व्याकरणाची ही किमया पाहा. जिंकणारा वाक्यात कोठेच नाही. हरणाराच आपण होऊन उठतो, बोलतो आणि सोडतो.

या क्रियापदाचे कूळ शोधले तर ते लॅटिनमध्ये सापडते. ‘नुन्तिउस’ म्हणजे निरोप्या, बातमी आणणारा. त्यावरून जे क्रियापद झाले त्याचा मूळ अर्थ उलट निरोप धाडणे, जाहीर करणे असा. त्याचा चुलतभाऊ ‘रिलिंक्विश’. त्यात नुसते मागे टाकणे आहे. म्हणजे एकात हात सुटतो, दुसऱ्यात तोंडाने सांगावे लागते. तहनाम्याच्या मुनशाला हे तोंडाने सांगणेच हवे असते. बळाने घेतलेले उद्या बळाने परत मागता येते. पण धन्याने स्वतःच ‘सोडले’ म्हटल्यावर मागायचे कोणत्या तोंडाने?

याहून विलक्षण प्रकार पुढे घडला. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि दुसऱ्या रघुजींच्या लहानग्या नातवाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवले. वाड्यात आजी बाकाबाई, आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. वैनगंगेकाठचा आमचा मुलूखही इंग्रज अंमलदारांच्या देखरेखीखाली होता. राजा वयात आल्यावर १८२६ मध्ये नवा तह झाला. त्यात त्याने साताऱ्याच्या छत्रपतींशी असलेले सर्व नाते ‘रिनाउन्स’ करावे, त्या नात्याची आठवण देणारे किताब आणि रीतिरिवाजही टाकावेत, असे ठरले. ‘सेनासाहेब सुभा’ हा शाहू महाराजांच्या अमदानीतला किताब. नागपूरकरांना तो मुलखाइतकाच प्यारा.

मौज अशी, की साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज तोवर स्वतःच १८१९ च्या तहाने इंग्रजांचे अंकित झाले होते. तेथून नागपूरच्या मदतीला एक घोडाही येण्याजोगा नव्हता. मग सोडायला लावले ते काय? सत्ता नव्हे, आठवण. आणि तीही त्याच्याच नावाने लिहून घेतली. पुढे १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. तेव्हा ‘सोडतो’ असे म्हणायलाही कोणी शिल्लक ठेवले नाही.

आपल्या भाषेत सोडण्याला शब्द थोडे का आहेत! दान देताना आपण उदक सोडतो. मनातून एखाद्या गोष्टीची मालकी काढली, की तिच्यावर तुळशीपत्र ठेवतो. कायमचा संबंध तोडायचा तर तिलांजली देतो. यांत सोडणाऱ्याचा हात दिसतो. पाणी त्याच्याच ओंजळीतून पडते. कचेरीतले शब्द मात्र फारसीच्या वाटेने आले: बेदावा, फारखत आणि सर्वांत लबाड तो ‘राजीनामा’! शब्दशः अर्थ, राजीखुशीचा कागद. किती राजीनामे राजीखुशीचे असतात, हे वाचकांना सांगायला नको.

पण एक राजीनामा खरोखर मनापासूनचा होता, आणि त्याचा धागा थेट आत्याच्या कागदाशी येतो. हिंदू कोड बिल रखडले, मुलींच्या वारसाहक्काचा प्रश्न लोंबकळत राहिला, तेव्हा १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्रिपद सोडले. १९५४ मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. भंडाऱ्याने त्यांना निवडून दिले नाही. ही गोष्ट आम्हा भंडारेकरांना अजूनही खाली पाहायला लावते.

दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या धर्माचा त्याग ही त्यांतलीच एक. ज्या नागपूरच्या राजाकडून १३० वर्षांपूर्वी एक नाते कागदावर सोडवले गेले होते, त्याच नागपुरात लोकांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत, मोठ्याने सांगून सोडले. लॅटिन निरोप्याचा मूळ अर्थ तेथे खरा झाला. कर्ता कागदापुरता नव्हता. तो मैदानात उभा होता.

त्याच १९५६ च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलासारखीच जन्मतः सहदायाद ठरली ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये. कायद्याने दिले खरे. पण दिलेले परत घ्यायला एक कागद पुरतो. तो पुष्कळदा सणाला निघतो, कारण बहीण सणाला येते, आणि ओवाळणीच्या ताटापुढे ‘नाही’ म्हणणे अवघड असते. सही तिची, वाक्याचा कर्ता ती, आणि मुनशी आपण!

हे सारे मी त्या संध्याकाळी बोललो नाही. आत्याचेच वाक्य मी बाबांना पुन्हा ऐकवले, एवढेच. बाबा बराच वेळ गप्प होते. मग आत्याला म्हणाले, “तुला काय वाटते ते तू सांग, बाई. आजच सांग असे नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने दोघाही भावांना ओवाळले. काका जरा घुश्शात होते. पण अनारसे त्यांनीच जास्त खाल्ले. कागद कपाटात गेला. उन्हाळ्यात सातबारावर तीन नावे चढली. त्यांतले तिसरे आत्याचे. आता दिवाळीला ती परत निघाली, की तिच्या सामानाबरोबर तिच्या वाट्याच्या तांदळाचे पोतेही तुमसर रोडला जाते. काका ते स्वतः उचलून गाडीत ठेवतात आणि म्हणतात, “फार जड आहे गं तुझा हिस्सा!”