नळजोडणीची परवानगी

2005 च्या सुरुवातीला पॉल रॅडेमाकर सिलिकॉन व्हॅलीत भाड्याचं घर शोधत होता. नोकरी ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनमध्ये, काम कॉम्प्युटर ग्राफिक्सचं. घरांच्या जाहिराती क्रेगलिस्ट या संकेतस्थळावर ढिगाने असायच्या, पण घर नेमकं कुठे आहे ते पाहायला प्रत्येक पत्ता वेगळा नकाशावर शोधावा लागे. फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं. रॅडेमाकरने त्याचा कोड उलगडून पाहिला, नकाशावर क्रेगलिस्टची घरं टाचण्यांसारखी टोचली आणि एप्रिलमध्ये ‘हाउसिंगमॅप्स’ लोकांसमोर ठेवलं. शहर निवडा, भाडं निवडा, टाचण्या हजर. नकाशा असा वापरायची सोय गूगलने तेव्हा केलेलीच नव्हती. पण कंपनीने आदळआपट केली नाही. जूनअखेर तिने नकाशाचा अधिकृत एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती घेता येईल असं तोंड, खुला केला आणि पुढे रॅडेमाकरलाच नोकरीवर घेतलं.

दोन ठिकाणची माहिती अशी एकत्र जोडण्याच्या प्रकाराला ‘मॅशअप’ हे नाव संगीतातून मिळालं. एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या वाद्यमेळावर चढवायचे, ही डीजे लोकांची जुनी खोड. 2004 साली डेंजर माउसने जे-झीचा ‘ब्लॅक अल्बम’ आणि बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ मिसळून ‘ग्रे अल्बम’ काढला, तेव्हा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झालाच होता.

वेबवरचं हे जोडकाम पाहून मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे डोळे चमकले. कारण तिथे एक जुनं दुखणं होतं. विक्री विभागाला एखादा साधा रिपोर्ट हवा असला तरी आयटीकडे रिक्वेस्ट टाकायची आणि वाट बघत बसायचं. ही रांग वेबपेक्षा कितीतरी जुनी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स मार्टिन यांनी एक अख्खं पुस्तकच लिहिलं, ‘अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट विदाउट प्रोग्रामर्स’. त्यातलं गाजलेलं उदाहरण सांता फे रेल्वेचं. युनिव्हॅकच्या ‘मॅपर’ या प्रणालीवर तिथल्या रेल्वेवाल्यांनीच मालगाड्या आणि डब्यांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था उभी केली होती. प्रोग्रामिंग हा त्यांचा पेशा नव्हता. डबे कुठे अडकतात हे मात्र त्यांना पाठ होतं.

त्याच्या थोडं आधी, 1979 साली, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं ‘व्हिसिकॅल्क’ अ‍ॅपल टू वर आलं. हार्वर्डच्या वर्गात फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचं सगळं पुसून पुन्हा मांडावं लागतं, हे ब्रिकलिनने पाहिलं होतं. स्प्रेडशीटने ती कटकट संपवली. मग हिशेबनीसांनी आयटीची वाट बघणंच सोडलं.

मॅशअपचं वचन याच्या पुढचं होतं. समजा, एका दुकानसाखळीच्या गोदामप्रमुखाला वादळाचा अंदाज, दुकानांचे पत्ते आणि जनरेटरचा साठा एकाच नकाशावर हवा आहे. तीन ठिकाणची माहिती तो स्वतःच जोडेल, दुपारपर्यंत वापरेल, महिनाभराने टाकून देईल. आयबीएमने याच हेतूने ‘क्यूईडीविकी’ बनवलं. त्या नावातच ‘झटपट आणि सहज’ असा अर्थ दडलेला होता. 2008 मध्ये ‘आयबीएम मॅशअप सेंटर’ बाजारात आलं. मेरिलँडची जॅकबी कंपनी ‘प्रेस्टो’ विकत होती. मायक्रोसॉफ्टचं ‘पॉपफ्लाय’ आणि गूगलचं ‘मॅशअप एडिटर’ ही दोन्ही 2007 ची.

यातलं सर्वांत देखणं होतं ‘याहू पाइप्स’, तेही फेब्रुवारी 2007 चं. पडद्यावर चौकटींचा कागद पसरलेला. डावीकडून एक खोका ओढून आणायचा आणि त्यात बातम्यांच्या फीडचा पत्ता घालायचा. दुसरा खोका गाळणीचा. तिसरा क्रम लावणारा. एका खोक्याच्या तळाच्या गोल टोकावरून माउस ओढत दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत नेला की दोघांमध्ये निळी नळी लोंबू लागे. शेवटची नळी ‘पाइप आउटपुट’ला जोडली की माहिती वाहायला लागली. नाव युनिक्समधल्या पाइपवरून घेतलेलं, पण हे जोडायला कमांड लिहावी लागत नसे.

कंपनीच्या आत मात्र नळ्या जोडूनही नळाला पाणी येईना. बाहेरच्या वेबवर फीड आणि एपीआय होते. कचेरीतलं पगारपत्रक, ग्राहकांची यादी, गोदामाचा साठा जुन्या मेनफ्रेममध्ये किंवा बंद पॅकेजांत बसलेला. त्याला बाहेर काढायला तोंडच नव्हतं. कपाऊ नावाच्या कंपनीने पडद्यावर दिसणारी माहिती खरवडून काढायची साधनं विकली, पण पडद्याची मांडणी बदलली की खरवडणी फसे. आणि तोंड असलं तरी नळजोडणीची परवानगी कोण देणार? विक्री विभागातल्या माणसाला ग्राहकाचा पत्ता दिसला तर चालतो. त्याने केलेला मॅशअप शेजारच्या विभागाने उघडला, तर तो पत्ता त्यांनाही दिसावा का? या प्रश्नाचं उत्तर खोके ओढून मिळत नव्हतं. ते द्यायला पुन्हा आयटीच लागे, म्हणजे पुन्हा तीच रांग.

सप्टेंबर 2009 मध्ये ‘ओपन मॅशअप अलायन्स’ स्थापन झाली. जॅकबीसोबत एचपी, अ‍ॅडोबी, बँक ऑफ अमेरिका अशी नावं होती, आणि मॅशअप लिहायची ‘ईएमएमएल’ ही सामायिक भाषा पुढे आली. पण तोवर ओहोटी लागली होती. पॉपफ्लाय आदल्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, बंद झालं, गूगलचा एडिटरही त्याच वर्षी गेला. 2013 मध्ये सॉफ्टवेअर एजीने जॅकबी विकत घेतली. 30 सप्टेंबर 2015 ला याहू पाइप्सही थांबलं.

रांगेतल्या लोकांचा आधार एक्सेलच राहिला. त्याची किंमत ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडला कळली. प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुन्या एक्सएलएस फायलींत भरले जात होते. त्या प्रकारच्या शीटमध्ये 65,536 हून जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादेपलीकडच्या ओळी गुपचूप गळून पडल्या आणि 15,841 रुग्ण आकडेवारीबाहेर राहिले. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला.

दरम्यान जुनी कल्पना नव्या नावाने परतली होती. फॉरेस्टर या संशोधन संस्थेने 2014 मध्ये ‘लो-कोड’, म्हणजे फारसा कोड न लिहिता सॉफ्टवेअर बनवणं, हा शब्द चालवला, मायक्रोसॉफ्टने 2015 च्या नोव्हेंबरात ‘पॉवरअ‍ॅप्स’ जाहीर केलं. या वेळी गोष्ट वेगळी होती: कंपन्यांचं बरंचसं काम क्लाउडवर गेलेलं, त्यामुळे पाण्याला तोंडं फुटली होती. उलट आता नळ उघडे राहू लागले. ऑगस्ट 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की पॉवरअ‍ॅप्सवरच्या अनेक पोर्टलांमधून सुमारे 3 कोटी 80 लाख नोंदी कुणालाही वाचता येत होत्या. अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड, मेरिलँडचा आरोग्य विभाग आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचीही पोर्टलं त्यात होती. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. तक्त्यांच्या परवानगीची एक कळ पोर्टल बनवणाऱ्याने स्वतः दाबायची होती आणि ती मुळात बंद असे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नव्या पोर्टलांसाठी ती कळ आधीपासूनच दाबून ठेवायला सुरुवात केली.