टाइप कास्टिंग

एका विदाप्रकारातील मूल्य दुसऱ्या प्रकारात बदलण्याची, प्रोग्रॅमरने स्पष्ट सांगितलेली क्रिया. भाषा ती आपणहून करते तेव्हा त्याला अव्यक्त रूपांतरण म्हणतात. सी भाषेत ७ ला २ ने भागल्यास ३ येतात. एका संख्येचे डबल या अपूर्णांकी प्रकारात कास्टिंग केले, की ३.५. रूपांतरात मूल्य मावले नाही, तर परिणाम गंभीर होतो. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाण नष्ट झाला तो ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे ३२,७६७ च्या आत, न बसल्यामुळे.

मजकुरातून संख्या काढणे हे काटेकोरपणे पाहता कास्टिंग नव्हे, पार्सिंग. मराठी नोंदींत खरी कसोटी तिथेच लागते. जळगाव-धुळ्याच्या सातबाऱ्यावर देवनागरीत लिहिलेला '४५' हा गट क्रमांक पायथनचे इंट फंक्शन बिनचूक वाचते. जावास्क्रिप्टचे नंबर तो संख्या नसल्याचे कळवते. सीचे एटॉय मात्र शून्य देते, आणि हेच सर्वांत घातक, कारण चूक झाल्याचे कळतच नाही. '४५/२' हा पोटहिस्सा अक्षरमाला म्हणूनच जपावा. त्याचा भागाकार करू नये. '१.२०.५०' हे क्षेत्र कोणत्याही थेट रूपांतराला दाद देत नाही. हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तुकडे पाडून, प्रत्येकाचा पूर्णांक करून, १२,०५० चौरस मीटर हा हिशेब जुळवावा लागतो.