फासा पडद्याआड, फासा पडद्याबाहेर

जळगावात मेहरूण तलावाजवळच्या एका गच्चीवर आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. गेममास्टर मी. धुळ्याहून एसटीने येणाऱ्या मित्राचं पात्र आठ महिने जगलं होतं. एका रात्री पडद्याआड फासा असा पडला की ते मेलंच. मी आकडा खोटा सांगितला.

हा पेच जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या लेफ्टनंट राइसविट्झने लष्कराला 'क्रीगश्पील' दाखवला: नकाशा, फासे, नुकसानीचे तक्ते आणि मध्ये पंच. पण तक्ते चाळण्यातच वेळ जायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते, फासे बाजूला सारले. अनुभवी पंच म्हणेल ते खरं. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि अर्नसन यांचा खेळ आला, त्यात पंचही आला आणि त्याच्या मागोमाग हा वादही. (आपल्या तमाशातल्या वगात गोष्ट ठरलेली आणि बोलणं जागेवरचं. फासा मात्र नाही, सुटले बिचारे.)

मी स्वतःला व्हेर्डीच्या बाजूचा समजत होतो. महिन्याभराने मित्राला खरं कळलं.

"मंग एवढ्या लढाया मी जिंकलो का तू जिंकवल्या, भो?"

तेव्हापासून फासा सगळ्यांसमोर टाकतो. पुढच्याच खेळात त्याचं पात्र मेलं. तो हसला नाही. कोरा कागद मागून घेतला.