दुष्काळी मुलखातील स्त्रीधन

सोने हे ऐश्वर्याचे चिन्ह होय, असे आपण सर्वजण मानतो. परंतु ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, तेथे त्याचा अर्थ निराळा होतो. बीड जिल्हा हा असाच मुलूख आहे. उत्तरेस गोदाकाठची काळी गंगथडी, दक्षिणेस बालाघाटाचे उघडे माळ, आणि सारा प्रदेश पर्जन्यछायेत. येथील शेतकरी स्त्रीच्या गळ्यातील डोरले, एकदाणी, बोरमाळ किंवा कानांतील फुले-झुबे हे केवळ शृंगाराचे साहित्य नव्हे. ती घरातील शेवटची शिल्लक असते. बैल मेला, विहिरीस पाणी लागले नाही, की घराची नजर प्रथम तिच्या गळ्याकडे जाते. म्हणून येथील सोन्याविषयी लिहावयाचे झाल्यास ते किती शुद्ध, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणाचे, हेही विचारावे लागते.

अलंकार आणि ठेव यांचे हे नाते फार जुने आहे. पुतळ्यांच्या माळेचेच उदाहरण घ्या. इटलीतील व्हेनिस येथे १२८४ पासून सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ निर्भेळ सोन्याचे ‘डुकाट’ नावाचे नाणे पडू लागले. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती, तर दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृती असे. व्यापाराबरोबर हे नाणे आपल्याकडे आले. त्यावरील माणसे पाहून लोकांनी त्यास पुतळी म्हटले, आणि ते सरात ओवून गळ्यात घातले. पुढे सोनार तशाच पातळ चकत्या ठशावर उठवू लागले. नाण्याचा दागिना झाला. परंतु गळ्यात आले तरी ते धनच राहिले.

मात्र नाणे मोडताना जे सहसा घडत नाही, ते दागिना मोडताना घडते. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून लाखेने भरलेले; मोडीच्या वेळी लाखेचे वजन वजा होते. सांधे जोडण्याचा डाग हलक्या सोन्याचा, म्हणून मुशीत सारे एकत्र वितळले की कस उतरतो. घडणावळ तर बुडालीच. ही तूट किती धरावयाची, हे कसोटीच्या दगडावरील रेघ आणि सोनाराचा शब्द यांवर ठरे. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा आणि सोनाराने तो राखावा, हीच त्या व्यवहाराची भिंत होती.

स्वातंत्र्योत्तर काळात ही व्यवस्था पार पालटली. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि देशभरच्या असंख्य कारागिरांच्या बागेसऱ्या थंडावल्या. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू राहिले. ते १९९० साली रद्द झाले. तोवर अनेक सोनारांच्या मुलांनी दुसरे उद्योग धरले होते. आज पेठेतील दुकानांत मेणाच्या साच्यावरून ओतलेले आणि यंत्रावर विणलेले दागिने तयार येतात. २००० साली हॉलमार्कची योजना आली, आणि २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ‘९१६’ हा अंक पाहिला, की हजारात नऊशे सोळा भाग सोने, हे निरक्षर गिऱ्हाइकासही कळते. शुद्धतेचा प्रश्न अशा रीतीने बव्हंशी सुटला. परंतु त्या अंकावरून दागिन्याचा धनी कोण, हे मात्र कळत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मशास्त्राने केला होता. विवाहसमयी व पुढे आप्तेष्टांकडून मिळालेले धन ते स्त्रीधन, आणि त्यावर सत्ता स्त्रीची, असा सामान्य नियम. परंतु दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने ते घेतले, तर परत करण्यास तो बांधील नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात होऊन गेला. अपवाद घालण्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. कुटुंब उपाशी असता कोणी पेटीस कुलूप घालून बसत नाही. परंतु जेथे दुष्काळ हा अपवादच नव्हे, तेथे काय व्हावे? १९७२ चा दुष्काळ अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. २०१२ आणि २०१५ ही वर्षे तर कालपरवाची. अशा प्रदेशात तो एक अपवादच मूळ नियमास गिळून टाकतो.

शिवाय हे सोने बहुधा माहेरचे दानच असते असेही नाही. दसऱ्यास आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत बीडची असंख्य जोडपी ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडते. मोळी तीही वाहते. तिच्या श्रमाचा जो अंश तिचा म्हणून उरतो, तो एखाद्या वर्षी घेतलेल्या चार मण्यांतच. ते मणी गहाण पडले, म्हणजे तिची मजुरीच गहाण पडते.

कायदा आता पुढे गेला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीस आपल्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले. स्त्रीधन हे उभयतांचे समाईक धन होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. केरळातील एका दांपत्याच्या खटल्यात २०२४ साली त्याच न्यायालयाने म्हटले, की अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले तरी ते अथवा त्याचे मोल पत्नीस परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य होय. ‘देण्यास बांधील नाही’ येथून ‘परत करणे कर्तव्य’ येथवर येण्यास मिताक्षरेनंतर सुमारे नऊशे वर्षे लागली.

तथापि न्यायालयाचा निकाल माजघरापर्यंत सहज पोहोचत नाही. तेथे रीतच पोहोचते. दागिना तारण ठेवताना पावती तिच्या नावाची असावी, आणि पीक किंवा उचल हाती येताच पहिला पैसा तो सोडविण्याकडे जावा, एवढी साधी रीत घराघरांत रुजली पाहिजे. संकटात सोने देणारी स्त्री कोठेही विरळा नाही. ते तिला आठवणीने परत करणारे घर मात्र अजून विरळाच आहे.