एका पत्त्याआडची घरं : राउटरमधल्या ‘नॅट’चा इतिहास

जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर फोन नंबराशेजारी ‘पी.पी.’ लिहिलेलं असायचं. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. राउटरमधलं ‘नॅट’, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, ही याच जातीची सोय.

१९८१ साली इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा ठरला. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. दहाएक वर्षांतच ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी ‘आरएफसी १६३१’मध्ये नॅट मांडलं, ते थोड्या काळाचा उपाय म्हणून. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘आरएफसी १९१८’ने खासगी पत्त्यांचे गट पक्के केले, आपल्या घरातला १९२.१६८ त्यातलाच. भारतात व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण पंगतीला बसलो तेव्हाच वाढप आखडलं होतं.

राउटरच्या सेटिंगमधले पर्याय याच टंचाईतून आले. ‘स्टॅटिक’मध्ये आतल्या एका यंत्राला बाहेरचा एक पत्ता कायमचा. ‘डायनॅमिक’मध्ये मोजके पत्ते, लागेल त्याला तेवढ्यापुरते. ‘पॅट’ किंवा ‘ओव्हरलोड’मध्ये सगळ्या घराला एकच पत्ता, कोणाचं उत्तर कोणाकडे द्यायचं, हे राउटर पोर्ट क्रमांकावरून लक्षात ठेवतो. घरोघरी हाच चालतो. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर? त्यासाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ : अमुक पोर्टवर आलं की कॅमेऱ्याच्या यंत्राकडे पाठवा.

३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांचं जागतिक कोठार रिकामं झालं. मग अनेक कंपन्यांनी स्वतःच्या पातळीवरही नॅट बसवलं. एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा पट्टा राखला गेला. पारोळ्यातल्या दुकानदाराला सुरतेत बसून दुकानाचा कॅमेरा पाहायचाय, पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर केलंय, तरी चित्र येत नाही. अशा वेळी आधी राउटरचा बाहेरचा, ‘वॅन’ पत्ता बघावा. तो या पट्ट्यातला असेल, तर आपल्या दाराबाहेर आणखी एक दार आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडे आहे. मग सार्वजनिक स्टॅटिक पत्ता मागायचा, आयपीव्ही६ वापरायचं, नाहीतर आपलं चित्र तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवून आणायचं.

तात्पुरती सोय तीस वर्षं टिकली. तिने कोट्यवधी लोकांना इंटरनेट मिळवून दिलं, हे खरंच. पण पी.पी. नंबरवाल्याला बोलता येतं, स्वतःचा फोन आहे असं म्हणता येत नाही. आपला मुक्काम अजून तिथेच आहे.