संकेतस्थळांचे परीक्षण : फावल्या वेळातील कमाई, पण डोळसपणे

संकेतस्थळ तयार करणाऱ्या अभियंत्यांना त्यातील प्रत्येक वाट पाठ असते. नवख्या माणसाला मात्र साधे 'पैसे भरा' हे बटणही सापडत नाही. हा अडथळा नेमका कोठे आहे, हे कळावे म्हणून कंपन्या बाहेरच्या सामान्य वापरकर्त्यांना मोबदला देतात. संकेतस्थळे व वेब ॲप्लिकेशन्स तपासण्याचे अर्धवेळ, मुक्त स्वरूपाचे काम या गरजेतून निर्माण झाले आहे.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली एक गणित मांडले. केवळ ५ व्यक्तींना संकेतस्थळ वापरू दिले, तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघडकीस येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. थोड्या वापरकर्त्यांच्या, पण वारंवार चाचण्या घेण्याच्या पद्धतीला त्यामुळे बळ मिळाले. २००७ साली 'युजरटेस्टिंग' व 'यूटेस्ट' यांची स्थापना झाली आणि असे काम घरबसल्या करता येऊ लागले.

कामाचे स्वरूप
या कामाचे मुख्यत्वे दोन प्रकार आहेत. पहिल्यात वापरकर्त्याला तिकीट काढणे, वस्तू निवडणे यांसारखी कामगिरी दिली जाते. ती पार पाडताना मनात येणारे विचार त्याने मोठ्याने बोलायचे असतात. पडदा व आवाज दोन्ही मुद्रित होतात. दुसऱ्या प्रकारात तांत्रिक दोष शोधायचे असतात. कोणत्या पायऱ्यांनी दोष आढळला, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, उपकरण व ब्राउझर कोणता, हे पडद्याच्या छायाचित्रासह नोंदवावे लागते. नेमके लिहिता आणि बोलता येणे हे येथील खरे भांडवल होय.

मोबदला
'युजरटेस्टिंग'वर सुमारे २० मिनिटांच्या चाचणीस १० डॉलर हा दर अनेक वर्षे प्रचलित होता. आता चाचणीनुसार रक्कम बदलते. दोष शोधण्याच्या कामात सहसा मान्य झालेल्या दोषांचेच पैसे मिळतात. प्रत्येक चाचणीपूर्वी काही प्रश्न विचारून वापरकर्त्यांची निवड होते. निवड न झाल्यास मोबदला नाही. त्यामुळे हे काम नोकरीला पर्याय ठरत नाही. मिळालेले उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखविणे आवश्यक असते.

सावधगिरी
'हॉटेलला रेटिंग द्या, पैसे मिळवा' असे संदेश म्हणजे परीक्षण नव्हे. आरंभी किरकोळ रक्कम देऊन विश्वास संपादन करायचा आणि नंतर 'अनामत' म्हणून हजारो रुपये उकळायचे, ही त्यातील ठरलेली रीत आहे. काम देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते, हा साधा नियम ध्यानात ठेवावा. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे घेऊन खोटी प्रशंसा लिहिण्याच्या प्रकारांना आळा बसावा, म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली 'आयएस १९०००:२०२२' हे ऑनलाइन अभिप्रायांचे मानकही तयार केले आहे.

खऱ्या परीक्षकाकडून कंपनीला स्तुती नको असते. तो कोठे अडखळला, हेच तिला जाणून घ्यायचे असते आणि मोबदलाही त्या प्रामाणिकपणाचाच मिळतो.