तांत्रिक साहाय्याची दूरध्वनी-फसवणूक

संगणक किंवा सॉफ्टवेअर क्षेत्रातील नामांकित कंपनीचा तंत्रज्ञ असल्याची बतावणी करून दूरध्वनीवरून संपर्क साधणे व नसलेला बिघाड दुरुस्त करण्याच्या निमित्ताने पैसे उकळणे, असे या गुन्ह्याचे स्वरूप होय. इ. स. २००८ च्या सुमारास तो प्रथम नजरेस आला. बळी पडणारे मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. इंग्रजी भाषिक देशांतील आणि बोलणारे बहुतांशी भारतातील, ही त्याची प्रारंभापासूनची विभागणी. कायद्याच्या मराठी परिभाषेत हा ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ या सदरात मोडतो. तोतया हा शब्द मराठी वाचकास पानिपतोत्तर इतिहासातून परिचित आहे. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने अनेकांना भुलविले, परंतु त्याला चेहरा, चालणे-बोलणे आणि पूर्वस्मृती या सर्वांच्या कसोट्यांस उतरावे लागले व अखेर १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला. दूरध्वनीवरील तोतयास केवळ आवाज पुरतो.

या व्यवसायाची भूमी प्रामाणिक उद्योगाने तयार केली होती. अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९९७ च्या सुमारास गुरगाव (आता गुरुग्राम) येथे बहिःसेवा केंद्र सुरू केले आणि पुढील दशकात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या पट्ट्यातही अशी केंद्रे वाढली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर खाजगी क्षेत्रास वाव मिळाला. आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सेवेतील विदेश संचार निगमाची मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली आणि इंटरनेटमार्फत दूरध्वनी करण्यास परवानगी मिळाली. परदेशी संभाषणाचा खर्च नगण्य झाला. रात्रपाळी, परकी नावे, परक्या उच्चारांचा सराव आणि लेखी संहितेबरहुकूम बोलणे या गोष्टी हजारो तरुणांच्या अंगवळणी पडल्या. फसवणुकीच्या केंद्रांनी त्यांत नवे असे फारसे काही घातले नाही. घेतले ते सारे तयार होते. विश्वासघाताची शक्यता २००५ मध्येच दिसली होती. त्या वर्षी पुण्यातील एका बहिःसेवा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील सिटी बँकेच्या ग्राहकांचे गुप्तांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केल्याचे उघडकीस आले. तथापि ती आतल्या माणसांनी केलेली चोरी होती. येथे वर्णिलेल्या प्रकारात संपूर्ण कार्यालयच बतावणीसाठी उभारलेले असते.

कार्यपद्धती : फसविणाऱ्यास संगणकाचे सखोल ज्ञान लागत नाही, हे या गुन्ह्याचे वैशिष्ट्य आहे. ग्राहकास विंडोज प्रणालीतील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही उघडावयास सांगितली जाते. तीत लहानसहान त्रुटींच्या लाल-पिवळ्या खुणा प्रत्येक निरोगी संगणकावरही असतात. त्या विषाणूबाधेचा पुरावा म्हणून दाखविल्या जातात. दुसरी युक्ती अधिक चतुर आहे. एक ठरावीक आज्ञा टंकलिखित केल्यावर पडद्यावर अंक व अक्षरे यांची एक लांब मालिका उमटते. बोलणारा ती मालिका आधीच वाचून दाखवितो आणि हा आपल्या यंत्राचा परवाना-क्रमांक आहे, आमच्याकडे त्याची नोंद आहे, असे सांगतो. वस्तुतः ती मालिका विंडोज असलेल्या सर्वच संगणकांवर एकसारखी असते. अशा रीतीने विश्वास बसला, की दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते. हे सॉफ्टवेअर स्वतः निर्दोष व कार्यालयांत नित्य वापरात असलेले असते. यानंतर दुरुस्तीचे शुल्क मागितले जाते. कोणी नकार दिल्यास यंत्रास परवलीचा शब्द लावून ते बंद पाडल्याचीही उदाहरणे आहेत. पुढे दूरध्वनी करण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर धोक्याची खोटी सूचना झळकावून ग्राहकालाच दूरध्वनी करावयास लावण्याची रीत आली. ‘जास्त परतावा चुकून जमा झाला, तो परत करा’ असे सांगून बँकखात्याच्या पानावरील आकडे तात्पुरते बदलून दाखविणे हा त्याचाच एक उपप्रकार होय. अमेरिकेतील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा साठ भामट्यांशी स्वतः संभाषण करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी मागणी सुमारे २९० डॉलरची होती आणि बोलणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के भारतातून बोलत होते.

कारवाई व तिच्या मर्यादा : अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांविरुद्ध दावे दाखल केले. त्यांचे शुल्क ४९ ते ४५० डॉलरपर्यंत होते. हे दावे दिवाणी स्वरूपाचे होते. भारतात मात्र प्रदीर्घ काळ एक साधीच अडचण आड येत राहिली. फिर्यादी सातासमुद्रापार, बहुधा वृद्ध, पुष्कळदा लाजेने गप्प बसलेला, आरोपी येथे. ज्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हा घडत असे, तेथे कोणी तक्रार घेऊन येतच नसे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ‘६६ ड’ हे कलम (अंमल २००९ पासून) संगणक-साधनाद्वारे केलेल्या तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. हा गुन्हा दखलपात्र असला, तरी जामीनपात्र आहे.

महाराष्ट्रातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथील होय. त्यात तंत्रज्ञाऐवजी अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या अधिकाऱ्याची बतावणी होती. यंत्रणा मात्र तीच. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी तेथील केंद्रांवर रात्री धाड घालून सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले व सत्तर जणांना अटक केली. कर थकल्याचे सांगून अटकेची भीती घालावयाची आणि दुकानांतून भेटकार्डे विकत घेऊन त्यांवरील क्रमांक वाचून दाखवावयास लावावयाचे, अशी पद्धत होती. रोजची प्राप्ती एक कोटी रुपयांहून अधिक असल्याचा पोलिसांचा अंदाज होता. कर्मचारी बहुतेक विशीतले होते. त्यांपैकी कोणाला कामाचे स्वरूप प्रथमपासून ठाऊक होते व कोणाला ते हळूहळू उमगले, हे ठरविणे कायद्यास सोपे नाही. संहिता वाचणारा प्रत्येक जण गुन्ह्याचा एक तुकडाच हाताळीत असतो. मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचा शोध होता, तो एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला.

अमेरिकेत याच धाटणीच्या फसवणुकीबद्दल २७ ऑक्टोबर २०१६ रोजी एकसष्ट व्यक्ती व संस्थांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर झाले. त्यात अहमदाबादेतील पाच केंद्रांचा समावेश होता. जुलै २०१८ मध्ये एकवीस जणांना शिक्षा फर्मावण्यात आल्या व त्यांतील कमाल शिक्षा वीस वर्षांची होती. हे सर्व अमेरिकेत राहून पैसा फिरविणारे होते. अहमदाबादेतील एका केंद्राचा चालक सिंगापूर येथे पकडला गेला, एप्रिल २०१९ मध्ये त्याचे अमेरिकेस प्रत्यार्पण झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यासही वीस वर्षांची शिक्षा झाली. तो भारताबाहेर पडला नसता, तर हे इतक्या लवकर घडले असते असे वाटत नाही.

फिर्यादीची उणीव पुढे ज्यांची नावे वापरली जात, त्या कंपन्यांनीच भरून काढली. मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून २०१८ मध्ये दिल्ली व तिच्या परिसरात छापे पडले. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ ही देशव्यापी मोहीम काढली. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी खराडी येथील आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील केंद्र उघडकीस आणले. इगतपुरीचे केंद्र एका रिसॉर्टमध्ये थाटलेले होते आणि तेथून ॲमेझॉनच्या साहाय्य-सेवेच्या नावाने अमेरिका, कॅनडा इ. देशांतील लोकांना दूरध्वनी केले जात. नगरांतील व्यापारी इमारतींवर नजर वाढल्यामुळे अशी केंद्रे आडबाजूला सरकू लागली असावीत.

देशांतर्गत रूप : इंग्रजीतून परदेशी ग्राहकांवर चालविलेली ही युक्ती दरम्यान हिंदी-मराठीतून मायदेशी वळली. सोलापूर जिल्ह्यातील माढा हा तालुका उदाहरणादाखल घेता येईल. उजनी धरणाच्या पाण्यावर तेथे ऊस व फळबागा वाढल्या. उसाचे बिल, पीककर्ज, अनुदान या सर्वांचा व्यवहार बँकखात्यातून होतो. अशा शेतकऱ्याच्या घरी टेबलावरचा संगणक क्वचितच असतो, मोबाइल मात्र असतो आणि २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाल्यापासून खातेही त्यातच आले. म्हणून विंडोजमधील विषाणूची जागा ‘केवायसी अपुरे आहे, खाते बंद पडेल’ या सूचनेने घेतली. दुरून यंत्र हाताळण्याचे सॉफ्टवेअर मात्र तेच राहिले. एनीडेस्क या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

येथे फिर्यादी जवळ असतो, हा मोठा फरक होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. त्यामुळे माढ्याच्या रहिवाशास माढा पोलीस ठाण्यातच ती नोंदविता येते. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम वाटेतच रोखून धरण्याची व्यवस्था आहे. विलंब झाल्यास ती एकामागून एक अशा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे गेलेली असते. ही खाती बहुधा थोड्या मोबदल्यासाठी आपले नाव वापरू देणाऱ्या माणसांची असतात आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते त्यांच्याच दारी.